खांब नंबर

रात्री सव्वादोनला शिंदखेड्याकडून गाडी आली.
दगा उखर्डू पाटील, वायरमन, वय बावन्न.
खांबावरून सरळ टाचांवर आला
आणि मांडीनं अंगाचा सगळा भार
नडगीच्या माथ्यावर आपटला.

त्या माथ्याला आम्ही पठार म्हणतो.
पुस्तकात त्याचे सहा प्रकार.
पहिल्यात कडेची फाक सुटते,
दुसऱ्यात फाक सुटून जमीनही खचते,
तिसऱ्यात नुसता खड्डा.
चौथा आतल्या अंगाचा, दिसायला गरीब,
तिथं आधी पावलाची नाडी शोधायची.
पाचव्यात दोन्ही कडा.
सहाव्यात पठारच नडगीला सोडून निघतं.

एक्सरे दिव्यावर लावून मी फोन केला,
सर, पाचवा.
सोनवणे सर झोपेतून म्हणाले,
सूज किती आहे?
नंबरावर काही बोललेच नाहीत.

मग मांडीत दोन सळ्या, नडगीत दोन,
वरून एक दांडी.
आणि थांबायचं.
रोज सकाळी गुडघ्याची कातडी चिमटीत धरायची,
सुरकुती पडेल त्या दिवशी चाकू.
त्याआधी हात लावला तर जखम मिटत नाही,
धुळ्याच्या या वॉर्डात
हे मी एकदा पाहिलंय. पुन्हा नको.

चौथ्या दिवशी सीटी.
मागच्या बाजूला आणखी एक तुकडा,
हातानं फोडलेल्या बट्टीसारखा तिरका.
एक्सरेत पुढच्या हाडाआड बसला होता
आणि मी त्याच्यासकट पाचवा म्हणून मोकळी.
म्हणजे माणूस पालथा, वाट मागून.
नंबर तोच राहिला, बाकी सगळं उलटलं.

माना कोणता नंबर, डाक्टर?
पाचवा, बाबा.
तो छताच्या पंख्याकडं बघत हसला.
खांबले बी नंबर ऱ्हास.
फाल्ट कोठे शे इतलंच समजस त्यानावरथून.
कोना घरमा अंधारं शे, ते नही.

मी चादर सारखी केली.
घरी कोण कोण, हे
माझ्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.
विचारलं. दोन मुली, एक आंधळी आई,
आणि हाताखालचा पोरगा,
जो त्या रात्री खालीच उभा होता
आणि अजून भेटायला आलेला नाही.

कवय चढसू मी, हे त्यानं रोज विचारलं.
मी रोज सूज पाहिली.

नवव्या दिवशी चिमटीत
एक बारीकशी सुरकुती आली.
थिएटरला फोन लावला,
उद्या पहिली केस. टेबल पालथ्यासाठी लावा.