दीड इंच माया

बापूंची मापवही अजून मशीनच्या खणात आहे.
पुठ्ठ्यावर खडूची बोटं, आत अर्धं अमळनेर:
उंची, छाती, कंबर, गुडघा.
वय कुठेच लिहिलेलं नाही.
ते विचारावं लागत नसे, कापडच सांगायचं.
फ्रॉकचा परकर झाला
की पोरीचं बोरीकाठी एकटीनं जाणं बंद.
परकराची साडी झाली
की पुढच्या आखाजीला ती माहेरी पाहुणी.

आणि हाफ पॅन्ट.
पान बत्तीस. भिला धुडकू कापुरे, सातवी ब.
लांबी साडेपंधरा.
शेजारी बापूंच्या बारीक अक्षरात:
फुल पाहिजे म्हणून रडला.
दारात सायकल धरून उभा त्याचा बाप म्हणाला असणार,
'मिसरूड फुटू दे पहिले.'
तेवढंच वारभर कापड वाचलं.

परवा तेच भिला मास्तर आले.
बहात्तर वर्षं, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या नव्या.
ट्रॅक पॅन्ट टेबलावर टाकून म्हणाले,
'गुडघापावत काप व पोरी. उकडस भलतं.'
मी टेप लावला, खूण केली, कात्री उचलली,
तेव्हा हळूच,
सातवी ब च्या आवाजात:
'लोके हसतीन का?'

मी वही दाखवली नाही.

माझी आई छत्तिसाव्या वर्षी म्हातारी झाली.
दुखणं नाही, खुपणं नाही.
ताईचं लग्न झालं, जावई पहिल्यांदा जेवायला बसला,
त्या आठवड्यात तिनं पोपटी, हळदी, राणी रंगाच्या साड्या
ट्रंकेत तळाला घातल्या, वर डांबराच्या गोळ्या.
'हाऊ रंग मना वयले शोभस का?'
कुणी तिला सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे.
मग काथ्या, राख, दुधाचा जास्त झालेला चहा.
पोलकी मात्र तीच ठेवली, नवी कोण शिवणार,
शिंप्याच्याच घरात.
खानदेशच्या उन्हात वाळून वाळून तीही विटली
आणि तिला शोभू लागली.

मी आज छप्पन्न,
आईच्या म्हातारपणाहून वीस वर्षांनी मोठी.
मोरपंखी कुर्ता, दोन खिसे:
एकात मोबाइल, एकात भाजके शेंगदाणे.
लेक जळगावहून येते, वरून खालपर्यंत बघते:
'मम्मी, थोडा सैल शिव ना. तुझ्या वयाला एवढा फिट...'
म्हणजे रेघ आहेच अजून.
खडू तेवढा दुसऱ्याच्या हातात गेला.

नात अकराची. ती मापाला उभी राहत नाही.
तिचे कपडे फोनमधून येतात.
सवयीनं मी उलटे करून बघते:
शिवण पाव इंचाची, कडेला कापून गच्च ओवलेली.
आत माया नाही.
'वाढले की दुसरा घेऊ ना, आजी.'
घेतीलही. मी काही बोलत नाही.

बापू प्रत्येक शिवणीत दीड इंच माया सोडत.
पोर वाढतं, बाई बाळंत होते, माणूस वाळतो;
कापडाला आधीच ठाऊक हवं, म्हणत.
कापड महाग होतं, हेही खरं.

काल गोधडीसाठी आईचं शेवटचं पोलकं उसवलं.
पाठीवर उन्हानं जाळी धरलेली,
रंग कुठला होता सांगता येऊ नये असा.
ब्लेडनं एकेक टाका सोडवत काखेपासून कमरेपर्यंत आले
आणि दुमडलेली माया उघडली.
दीड इंच रुंद.
राणी.
दुकानातल्या ताग्यावर असावा तसा राणी,
त्याला ऊन माहीत नाही, जावई माहीत नाही.

गोधडीत ती पट्टी कुठेच बसेना.
मनगटावर ठेवून बघत होते,
तेवढ्यात दारात गिऱ्हाईक:
जीन्सची चेन गेलीय, मावशी, अर्जंट आहे.
आणि गुडघ्यावर फाटलंय ते शिवू नका हां,
ते तसंच असतं.