अस्वलाचं काम

माझ्याकडे अस्वलाचं काम असतं.
प्लायवूडचं अस्वल, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिलेले,
खाली घसरगाडीच्या पट्ट्या, छातीला तारेचा दोर.
दोराच्या या टोकाला, बाजूच्या मातीच्या बांधाआड
रहाट फिरवत बसलेला मी, ओडवार.
एकोणीस वर्षं कोळशाच्या खाणीत होतो,
खाण बंद पडली त्याच हिवाळ्यात गुडघेही.

स्वालबार्डला जो येतो
त्याला गावाबाहेर पाऊल टाकायचं तर बंदूक आली.
म्हणून ही पोरं. कुणी शेवाळ मोजणार, कुणी बर्फ,
बंदुकीला हात लावतात तेही
परक्याचं तान्हं मूल घेतल्यासारखा.

तोरुन त्यांना आधी पळवते.
जड बूट, चढण, दोन फेऱ्या.
मग हातमोजे काढायला लावते,
उघडे हात बर्फात, तिसापर्यंत मोजा, मोठ्यानं.
कुणीतरी तेलाचं पिंप बडवतो,
कुणीतरी किंचाळतो : तुझा जोडीदार पडलाय!
आणि मग शिट्टी, आणि मग मी,
चाळीस मीटरांवरून अस्वल निघतं.
चार काडतुसं. खिशातून. थिजलेल्या बोटांनी.

यागोदा म्हणून एक पोलिश मुलगी,
हिमनदीखालचा चिखल तपासायला आलेली.
तिचं काडतूस तीनदा पडलं.
तिसऱ्यांदा उचलताना ती त्याचीच माफी मागत होती.
अस्वल तिच्यापाशी येऊन थांबलं. ती रडली नाही.
म्हणाली, परत.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, म्हणतात.
भीतीचं येतं का?
तोरुन म्हणते, येतं. हाताला कुठे कळतं खरं-खोटं,
हात फक्त किती वेळा ते मोजतो.
बरोबर असेल. ती शिकलेली आहे.

पण मला ते भेटलं होतं तेव्हा
पिंप वाजलं नव्हतं.
एप्रिल, इंधनाच्या शेडमागे,
माझ्या आणि स्कूटरच्या मध्ये ते उभं,
हवा हुंगत, एखादा पत्ता आठवत असल्यासारखं.
इतकं शांत की त्याच्या मिशांवरचं दव गोठताना ऐकू यावं.
पाचावर धारण बसली असं कसं म्हणू?
काहीच बसलं नाही, काहीच उठलं नाही.
बंदूक खांद्यावर होती.
माझा हात थर्मासकडे गेला,
आणि मी झाकण उघडत राहिलो,
उघडलेलं झाकण, पुन्हा पुन्हा.
ते आपल्या वाटेनं गेलं.
हे मी तोरुनला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सराव संपला,
बंदुका रिकाम्या करून तपासून झाल्या,
पोरं गोल करून चहा ओतत होती.
मी रहाटाला हात लावला.
शिट्टी नाही, हाक नाही.
एक वेढा. थांबलो. आणखी एक.
अस्वल आलं, तीस, वीस,
कुणीतरी शाळेतल्या मास्तरांची नक्कल करत होतं,
अकरा,
वाफेमागे त्यांचे हसरे गाल,
सात.

यागोदानं पाहिलं.
ओरडली नाही. कप खाली ठेवला,
बर्फात नीट दाबून, सांडू नये म्हणून,
आणि खिशात हात घालून
नसलेली काडतुसं मोजू लागली.

तोरुननं मला जे झाडलं
ते नॉर्वेजियनमध्येच बरं.
नियम पंधरा, सही तीन ठिकाणी,
पुन्हा केलंस तर अस्वल दुसऱ्याला देईन.
मी मान खाली घालून ऐकलं,
गुडघे दुखत होते, चहा निवला होता.

सोमवारी नवी तुकडी आली. अकराजण.
तोरुन यादी वाचत बांधापाशी आली,
यादीवरची नजर न काढता म्हणाली,
त्या कप्पीचा करकर आवाज येतो, ओडवार.
दुपारी चहा आहे.

मी ग्रीसचा डबा शोधायला गेलो.