साडेअकरा आटे

दर्शनाचा उद्या नागरिकशास्त्राचा पेपर.
बाबा, मला विचारा ना, म्हणते
आणि पुस्तक माझ्या हातात देते.
मी टी-चावी भिंतीला टेकवतो, चष्मा शोधतो.
पहाटेचे चार वीस. घणसोली झोपलेली.
पाचला मला सेक्टरचं पाणी सोडायचंय.

राजेशाही म्हणजे काय?
डोळे मिटून घडाघडा सांगते:
सत्ता वंशपरंपरेने एकाच घराण्याकडे.
मला सतरा नंबर बिल्डिंग आठवते,
आधी वडील सेक्रेटरी, आता मुलगा,
गच्चीवरच्या टाकीचं कुलूप तेच.
मी बोलत नाही. पेपरात हे लिहीत नाहीत.

हुकूमशाही तिला पाठ आहे.
मलाही. रोज फोनवर येते:
"बाराला बंद कर. कारण विचारू नको."

लोकशाहीवर मात्र अडखळते.
व्याख्या लांब आहे, मधलं वाक्य निसटतं.
मी सांगू शकत नाही, मलाही ते येत नाही.
सतरा नंबरची सभा पाहिली होती मी, गेटवरून:
गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब,
मग तीच सभा, त्याच चार खुर्च्या,
सगळे ठराव एकमताने.
समोसे ऐंशी आणले होते.
उरलेले वॉचमनला आणि मला.
चांगले होते.

"आता अर्थव्यवस्था विचारा."
भांडवलशाही?
मागणी, पुरवठा, नफा. बरोबर.
मे महिन्यात टँकरवाला आला
तेव्हा त्याने भाव पाणी बघून नाही सांगितला,
मान वर करून टॉवर बघून सांगितला.

समाजवाद?
सगळ्यांना सारखं, असं काहीतरी म्हणते.
मी सगळ्यांना सारखंच सोडतो गं,
अकरा आटे, वर आदेश आहे तसा.
तरी तळमजल्यावर बादली वाहून जाते
आणि चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार.
चढाचं काही दिलंय का पुस्तकात?
ती पानं उलटते. नाही, म्हणते, सिलॅबसमध्ये नाही.

मिश्र अर्थव्यवस्था: थोडं सरकारी, थोडं खाजगी.
"मग बाबा, तुम्ही कोणाचे?"
पाणी पालिकेचं.
मी कंत्राटदाराचा.
चावी माझी;
मोडली तर पगारातून कापतात.

पाच वाजत आले. म्हटलं, चल बरोबर, वाटेत विचारतो.
चालता चालता मीच सांगत बसलो:
आता जिथे चेंबर आहे ना,
तिथे तुझ्या पणजोबांच्या वेळी खाडीची उघाडी होती.
उधाणाच्या रात्री नऊ घरं पाळीपाळीने जागायची,
कुणाची पाळी चुकली तर
खारं पाणी सगळ्यांच्याच भातात.
पगार नाही, साहेब नाही, कुलूप नाही.
"मग त्या पद्धतीचं नाव काय?"
नाव कोण ठेवणार, झोप यायची सगळ्यांना.
भांडणंही व्हायची. एकदा कोयता निघाला होता.

चेंबरचं झाकण सरकवलं. झुरळं पळाली.
ती टॉर्च धरून उभी, काखेत पुस्तक.
मी फिरवत गेलो, ती मोजत गेली,
नऊ, दहा, अकरा.
मग मी अजून अर्धा दिला.

"बाबा, आदेश अकराचा आहे ना?"
चौथ्या मजल्यावर लीलाम्मा सिस्टर राहतात,
रात्रपाळीवरून आत्ता येतील,
अर्धा आटा जास्त दिला की त्यांची बादली भरते.
"पैसे घेता का त्यांच्याकडून?"
नाही. त्यांना माहीतही नाही.

ती विचार करत राहिली,
कपाळाला आठ्या, तिच्या आईसारख्या.
पाइपात घरघर झाली, हवा निघाली,
एकेका खिडकीत दिवा लागत गेला.
मग म्हणाली, कुणाला न विचारता
एकट्या माणसाने ठरवलं,
म्हणजे ही हुकूमशाहीच झाली, बाबा.

पाणी वर चढायला लागलं होतं.
मी चावी उपसली, खांद्यावर घेतली.
म्हटलं, लिही तसं.
पण अक्षर सुवाच्य काढ.