इदवालची वही

साडेसहाशे पौंड सांगितले होते.
मी पाचशे वीस घेऊन गेले, पाकिटात, मोजून,
कारण वर एक जरी नोट असती
तरी ती मी काढून दिली असती.

बेथेस्डाच्या चढावर, स्लेटच्या कुंपणाला खेटून
उभी होती. मायक्रा. एकोणीस वर्षांची.
रंग एके काळी मोरपंखी,
आता छपरावर वाऱ्याने चाटून नेलेला.
मागचा बंपर वाकलेला, मोडलेला नाही,
आमच्या गावातल्या बऱ्याच जणांसारखा.

इदवाल पॅरी दारातच थांबला.
चाळीस वर्षं चॅपलमध्ये ऑर्गन वाजवलेली बोटं
चौकट चाचपत होती.
"हिरवी दिसते की निळी, मला आता कळत नाही.
डॉक्टर म्हणाला, किल्ली द्या. देतोय."
घासाघीस केलीच नाही. पाकीट न मोजता
स्वेटरच्या आत सारलं,
आणि किल्लीबरोबर एक वही दिली.

वहीत प्रत्येक वेळी भरलेल्या पेट्रोलची नोंद:
तारीख, लिटर, काट्यावरचे मैल,
आणि शेवटी एकच शब्द.
धुकं. कोरडं. गारा.
एका ओळीत नुसतं 'नेस्टा'.
त्यानंतर सहा आठवडे गाडी हललेलीच नाही.

मी घरोघरी जाते.
साडेसहाला मिसेस रोलंड्सचे पायमोजे,
मग ट्रेगार्थचे दोघे भाऊ,
एकाला इन्सुलिन, दुसऱ्याची समजूत.
रोज बेचाळीस मैल.
कंपनी मैलांचे पैसे देते, मधल्या वेळेचे नाही,
म्हणून मधला वेळ मी गाडीत जगते.
सँडविच, फॉर्म, एकदा रडणंही,
पण ते थोडक्यात, कारण काच धुरकटते
आणि हीटर फक्त डावा पाय शेकतो.

थंडीत पहिल्या किल्लीला ती खोकते.
दुसऱ्या किल्लीला विचारात पडते.
मी डॅशबोर्डवर हात ठेवते, काही बोलत नाही.
बोललं की शेफारते.

मार्चमध्ये तपासणी. ग्विलिमने तिला वर उचललं,
खाली उभा राहून बराच वेळ गप्प.
मग दाराखालच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर टोचला.
जुनं ते सोनं म्हणतात;
ते सोनं तांबूस भुगा होऊन
माझ्या बुटांवर पडलं.
"वेल्डिंग. एकशे ऐंशी. यंदा निघेल.
पुढच्या वर्षी माझ्याकडे आणू नकोस,
मला नाही म्हणायला जड जाईल."

दिले. दोन हप्त्यांत.

मग एका बुधवारी माझ्या यादीत नाव आलं: पॅरी, आय.
बँगोरला, डोळ्यांच्या दवाखान्यात.
तो बाजूच्या सीटवर बसला, आयुष्यात पहिल्यांदा,
आणि पट्टा उजव्या खांद्यावर शोधत राहिला.
मी काढून दिला, डावीकडचा.

चढावर म्हणाला, "आता तिसरा."
माझा हात गिअरवर पोचायच्या आत.
मला राग आला. मग नाही आला.
सपाटीला तो मान कलती करून ऐकत होता,
हळूच गुणगुणला, एकच लांब स्वर,
थांबला, पुन्हा तोच, किंचित खाली.
"मागचं डावं चाक. बेअरिंग.
माझ्याकडे होती तेव्हा अर्धा स्वर वर होती."

ग्विलिमला ऐकू आलं नव्हतं.
मला तर तो रस्त्याचा आवाज वाटायचा,
जन्मापासूनचा.

परतताना पंपावर पंधरा पौंडांचं भरलं.
टाकी पूर्ण भरायची सवय मला नाही;
तिच्यावर इतका भरवसा कोणी ठेवावा?
आत येऊन वही मांडीवर घेतली.
दहा लिटर सात. सत्त्याण्णव हजार चारशे तीन.
"लिहितेस अजून?" पेनाचा आवाज त्याने ओळखला.
"आकडे लिहिते," मी म्हणाले.
"शेवटचा शब्द सुचत नाही."

तो काचेकडे तोंड करून बसला,
जणू बाहेर काही दिसतंय.
"त्यात सुचायचं काय आहे?
लिही, बेअरिंग."