पुढील आदेश होईपर्यंत

बेलापूरच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर,
आवक-जावकच्या टेबलाशी माझी एकोणीस वर्षं गेली.
दिल्लीहून जे जे निघतं ते आधी माझ्या हाती येतं.
वाचायला नव्हे, क्रमांक घालायला.
तरी डोळा जातोच,
आणि जातो तो थेट तळाशी:
'राष्ट्रपतींच्या आदेशानुसार व त्यांच्या नावाने.'
खाली सही कुणा अवर सचिवाची,
घाईची, शेपूट वर गेलेली.

नवी होते तेव्हा खरंच वाटायचं
की त्या मोठ्या घरात एक माणूस
रात्री चष्मा लावून बसतो
आणि आमचे पंखे मोजतो, आमची रिक्त पदं.
मग कळलं, नाव ही भिंतीतली खुंटी.
सदरा कुणाचाही असो,
टांगायचा तिथेच.

एकदा चार ओळींत आमचा कक्षच गेला.
'सदर कक्ष याद्वारे बंद करण्यात येत आहे.'
करण्यात येत आहे.
कोण करतंय, ते वाक्यात कुठेच नाही.
सकाळी आलेली सात माणसं
दुपारी डबा खायला बसली
ती नसलेल्या कक्षात.
सव्वा वर्षानं दुसरा कागद आला, पहिला अधिक्रमित.
कक्ष परतला, खोली तीच, पाटी नवी,
फक्त मधल्या काळात कपाटाची किल्ली हरवली.
त्या सव्वा वर्षातले अर्ज
अजून आत आहेत.
कधी कधी मला त्यांचा वास येतो.

आणि ही फेब्रुवारीतली अधिसूचना.
दिवाळ्याच्या खाडीकाठची पट्टी, बंदराच्या रस्त्यासाठी.
हरकती तीस दिवसांच्या आत.
यावर म्हणे सभागृहात कुणी बोललं नाही.
बोलायची गरजच नव्हती.
कायद्याच्या एका कलमात
मोकळी जागा ठेवलेली असते,
तिच्यातून रस्ता जातो.

नागूबाय कोळी आली ती एकतिसाव्या दिवशी.
टोपली खाली लिफ्टपाशी ठेवून,
हात पदराला पुसून पुसून कोरडे केलेले,
तरी अर्जाच्या कोपऱ्याला ओल लागलीच.
नातवानं लिहिलेला अर्ज. वलांडी, बोंबील, तिच्या सासूच्या वेळेपासूनची जागा,
'पासून' या शब्दाखाली दोन रेघा.
मी अधिसूचना वाचून दाखवली, तळापर्यंत.
ती म्हणाली,
"त्याला म्हाईत हाय का आमचा गाव?"
मी म्हटलं, कुणाला?
"ज्याचा नाव लिवलाय, त्याला."

मी शिक्का उचलला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी.
शिक्क्यातली तारीख रोज सकाळी तांबोळी फिरवतो,
दातेरी चाक, टाचणीनं, एकेक घर.
त्या दिवशी त्याच्या मुलीचा दहावीचा पेपर होता, तो आलाच नव्हता.
रबरावर अजून काल होता.

माझ्या ड्रॉवरमध्ये टाचणी होती.
तारीख फिरवायचा लेखी आदेश मात्र
माझ्याकडे नव्हता,
एकोणीस वर्षांत कुणी काढलेलाच नाही.
मी अर्ज सरळ केला, ओला कोपरा टाळून
जरा जोरातच शिक्का मारला.
पोच तिच्या हातात दिली.
तिनं तारीख पाहिली नाही. तिला वाचता येत नव्हतं.
मला येत होतं.

त्या दिवशी दीड वाजेपर्यंत
अकरा कागद कालच्या तारखेनं आत आले.
दहा जणांना त्यानं काहीच फरक पडला नाही.
जेवणानंतर साहेबांनी विचारलं, तांबोळी कुठाय?
रजेवर, मी म्हटलं,
आणि टाचणी घेऊन चाक
एक घर पुढे ढकललं.

पट्टीचं काय झालं, विचाराल.
हरकत सुनावणीला गेली.
सुनावणी पुढे ढकलण्यात आली आहे.
वलांडीवर बोंबील आहेत,
पुढील आदेश होईपर्यंत.