दोन हिरवे

तीन दिवे असतात. तिन्ही हिरवे म्हणजे
पाय खाली, कुलूप लागलं, या.
आज दोनच.

रेडिओवर कॅप्टन देवतळेंचा आवाज,
बँकेत पासबुक भरून मागावं तसा:
"उजवा दाखवत नाही. बल्ब बदलून पाहिला."

टॉवरसमोरून एकदा खालून गेलं विमान.
आम्ही हँगरच्या दारात, डोळ्यांवर हात,
सोनेगावचं मे महिन्यातलं ऊन, पावणेचार,
डांबर चपलेला धरून राहिलेलं.
पोट दिसलं. नाकाचं चाक, डावं चाक,
आणि उजवं अर्ध्यातच,
अंधारात पायरी आहे समजून टाकलेल्या
पावलासारखं.

"काहून बे निनावे, काल तूच पाह्यलं होतं ना?"

मीच. जॅकवर चढवून
सात वेळा आत, सात वेळा बाहेर.
सातही वेळा आलं.
वहीत सही आहे माझी, निळ्या शाईची,
शेवटच्या अक्षराची शेपटी उगाच लांब ओढलेली.

मग दीड तास
खापरीवरून, मिहानच्या रिकाम्या प्लॉटांवरून
ते गोल गोल पेट्रोल जाळत राहिलं.
आत त्या हातपंप मारत होत्या,
उन्हाळ्यातल्या बोअरिंगवर मारतात तसा,
पाणी नाही हे माहीत असून.

धावपट्टीकडेच्या वाळल्या गवतात टिटवी होती.
टिटवी म्हणे पाय वर करून निजते,
आभाळ पडलं तर पेलायला.
आजी नाही, आमचा फायरवाला उईके सांगायचा हे,
फोमची टाकी तपासता तपासता.
आज तो गप्प होता.

"तिन्ही वर घेते," त्या म्हणाल्या.
अर्धा पाय नसलेल्या पायापेक्षा वाईट.

पट्टीच्या तोंडाशी दोन्ही इंजिनं बंद.
इतकी शांतता, की कूलरचा पंखा ऐकू आला हँगरमधला.
मग लोखंडी कपाट फरशीवरून ओढावं
तसा आवाज, खूप वेळ.
उईकेची गाडी आधी पोचली. आग नव्हती.
देवतळे बाई पंखावरून थेट जमिनीवर उतरल्या.
रोज पायरी लागते. आज जमीनच वर आली होती.

रात्री क्रेनने उचललं.
पट्ट्यांत लटकलेलं, पोट खरचटलेलं.
मी आत बसून बॅटरी लावली, दांडी खाली केली.
पहिलं, दुसरं,
आणि उजवं, खट्,
आठव्यांदा.

तीन हिरवे.

खिडकीशी उभ्या राहून बाई म्हणाल्या,
"बघा, तुमचं ऐकतं."
हसून म्हणाल्या की कसं,
ते क्रेनच्या दिव्यात नीट दिसलं नाही.