लेन चार, हटवार

शनिवारची रजा टाकताना सांगितलं, मावसबहिणीच्या मुलीचं लग्न.
मे महिन्यात नागपुरात एवढं कारण पुरतं,
हॉल कुठला, कोणी विचारत नाही.

सव्वासातला तलावाकाठची फरशी गार होती,
साडेआठला पाय टिकेना.
बॅगेत टॉवेल, गॉगल, दाखल्याची झेरॉक्स
आणि लू लागू नये म्हणून सासूबाईंनी टाकलेला कांदा.
त्यांनाही लग्नाचंच माहीत.

दाखल्यावर माझा जन्म एक जुलैचा.
गुरुजींनी अख्खा वर्गच एक जुलैला जन्माला घातला,
आणि मला, भाजीवाल्याने कोथिंबीर टाकावी तशी,
वर तीन वर्षं.
म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी मी
पन्नास ते चोपन्नच्या गटात.
फायदाच आहे, म्हणाले बोपचे सर.
मी हिशेब केला नाही.
नोटा मोजण्यात जन्म चाललाय, आज नको.

पवनीला नदी पायऱ्यांखालीच होती.
पोरं घाटावरून उड्या टाकायची,
आमच्या वाट्याला ती घागरीएवढी.
शिकले ते गुडघ्यासाठी, डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून,
शाळकरी पोरांच्या बॅचमध्ये, फळी धरून.
"काकू, सायकल नका चालवू, पाय सरळ!"
असं ओरडणारी त्रिशा आता तेरा वर्षांची,
स्टॉपवॉच घेऊन समोरच्या टोकाला उभी.

लेन तीनला उमाळेबाई, निवृत्त नर्स,
टोपीवर लाल मासे.
"काहून घाबरता बाई? मागच्या साली मीच शेवटची होती.
सर्टिफिकेट सगळ्यायलेच भेटते."

भोंग्यावर नाव आलं : लेन चार, हटवार.
"हजर" म्हणणार होते, ओठ मिटले.

शिट्टी.
उडी नव्हती ती, पडणं होतं, सपशेल पोटावर.
गॉगल गळ्यात आला, डोळ्यांत आग,
तळाची काळी रेघ गेली.

तेव्हा ऐकू आला बाबांचा माग.
बाबा धाग्याकडे बघत नसत.
विझलेली बिडी ओठात, दारातल्या माणसाशी बोलणं चालू,
आणि धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
काठ कधी चुकला नाही.
डावा हात, खट्.
उजवा हात, खट्.
तोंड वर, श्वास.
डावा हात.
दोरीच्या चकत्यांवर खांदा सोलला गेला,
म्हणजे दोरी इथे आहे, म्हणजे मी सरळ नाही,
म्हणजे थोडं डावीकडे.
खट्.

अर्ध्याच्या पुढे कुठेतरी हात शिशाचे झाले.
हे सरांनी सांगितलं नव्हतं.
दोरी धरता आली असती.
धरली नाही.
त्या जागेबद्दल याहून जास्त मला काही आठवत नाही.

भिंत लागली ती हाताच्या आधी कपाळाला.

"एक मिनिट एकोणीस, काकू!"
त्रिशाचा आवाज असा, की मी काहीतरी मोठं फोडलं असावं.
उमाळेबाई केव्हाच पोचून
दोरीवर हनुवटी टेकून हसत होत्या,
"यंदा मी नाही हो शेवटची!"

मग गेटाबाहेरच्या टपरीवर तर्री पोहे,
ओल्या केसांनी, उभ्याउभ्याच.
टपरीवाल्याकडचा कांदा संपला होता.
मी बॅगेतला काढला,
उमाळेबाईंनी त्याचीच सुरी घेऊन बारीक चिरला,
दोघींच्या पोह्यांवर सारखा घातला.
त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर गेला म्हणतात.

सोमवारी काउंटरवर शेजारच्या खुर्चीने विचारलं,
"कसं झालं लग्न?"
"थोडक्यात आटोपलं."
शंभराच्या नोटा मोजताना
बोटांना अजून क्लोरीनचा वास येत होता.
ब्लाउजच्या बाहीखाली खांदा चुरचुरत होता.
पदर मी त्या बाजूला जरा सैलच ठेवला.